मुंगीचे सहा पाय

मुंग्यांची चित्रं काढून पोट भरतं का, हे मला इतक्या लोकांनी विचारलंय की आता उत्तर आधीच देऊन टाकते. भरतं. आजवर मी उपाशी झोपलेले नाही आणि विकायला मुंगी सोडून दुसरं काही काढलेलंही नाही.

आळेफाट्याला गॅरेजांच्या रांगेत शेवटचं दुकान आमचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, पेंटर. ट्रकच्या फाळक्यावर कमळं, मोर, डोळे वटारलेले वाघ, शिवाय दुकानांच्या पाट्या आणि नंबरप्लेटा. त्याच दुकानात दारापाशी, जिथे उजेड चांगला पडायचा, तिथे माझं टेबल होतं. टेबलावर शाईची दौत, बारीक निब, भिंग आणि मेलेल्या मुंग्या. येणारा-जाणारा ड्रायव्हर डोकावून म्हणायचा, "पेंटर, पोरगी काय मुंग्या मोजती का?" आप्पा हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते आतून लागायचं.

हा नाद मला लागला तो जुन्नरच्या कॉलेजात असताना, नव्वदीच्या सुरुवातीला. भीमाशंकरच्या जंगलात मुंग्यांचा अभ्यास करणारे पुण्याचे एक प्राध्यापक जीपची नंबरप्लेट रंगवून घ्यायला आमच्याकडे थांबले. मी कोपऱ्यात प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये बेडूक काढत बसले होते. सरांनी तो बेडूक बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मुंगी जमेल?" त्यात न जमण्यासारखं काय आहे, म्हणून मी तिथल्या तिथे काढून दिली. शरीराचे तीन भाग, पुढचे चार पाय मधल्या भागाला आणि मागचे दोन पोटाला. आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात तशीच होती.

सरांनी खिशातल्या डबीतून एक टाचणी काढली. टाचणीला कागदाचा इवलासा त्रिकोण आणि त्रिकोणाच्या टोकाला चिकटवलेला काळा डोंगळा. माझ्या हातात भिंग देऊन म्हणाले, "आता बघ." मी पाहिलं. सहाच्या सहा पाय मधल्या भागातून निघालेले होते. पोटाला एकही नाही. पोट आपलं मागे मोकळं, कमरेच्या बारीक गाठीला अडकवलेलं. सात वर्षं मी ज्या तक्त्यासमोर बसले तो धादांत खोटा होता, आणि अंगणात रोज डोंगळे फिरत असताना एकानेही वाकून पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला त्या तक्त्याचा भयंकर राग आला. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

मग सरांनी शिकवलं. रेघेने सावली करायची नाही, ठिपक्यांनी करायची. अंगावरचा केस जिथे आहे तिथेच काढायचा, शोभेसाठी एकही जास्त नाही. झाडावर शेणाच्या गोळ्यासारखं घरटं करणारी मुंगी मी चार वेळा काढली तेव्हा कुठे ती त्यांना पटली. त्यांच्या लेखांसाठी ते चित्रं विकत घेऊ लागले, त्यांच्या ओळखीने आणखी दोघं-तिघं घेऊ लागले. काम येत होतं, पण रखडत येत होतं. आप्पांना टेबलाची जागा रंगाच्या डब्यांसाठी हवी होती, आणि मी हाताशी बसून पाट्यांची अक्षरं भरावी असंही त्यांना वाटत होतं.

अशात मंचरचा एक व्यापारी आला. शाळांना नकाशे आणि तक्ते पुरवायचा. त्याला कीटकांचा नवा तक्ता छापायचा होता आणि मधोमध मोठी मुंगी हवी होती. तक्ता चालला तर पुढे फुलपाखरू, मधमाशी, सगळी मालिका माझी. आप्पांनी त्याच्यासमोरच मला सांगितलं, "हे काम झालं तर टेबल तुझं. न्हाईतर उद्यापास्नं बरश हातात घ्यायचा." मी म्हटलं, ठीक.

जीव ओतून ती मुंगी काढली. व्यापारी आला, खूश झाला, मग त्याने मान तिरकी केली.

"ताई, मुंगी लई झ्याक आलीया. पण मागचं पाय पोटाला पायजेत. जुन्या तक्त्यात तसंच व्हतं."

"जुना तक्ता चुकीचा व्हता."

"आवं, पण दिसायला बरं दिसतं. पाय कसं सुटं-सुटं. हितं समद्यांनी एकाच जागी गर्दी केलीया. गुरुजी लोक म्हणतील, नवा तक्ता चुकला."

"त्यांना म्हणावं, खाली वाका आन् अंगणात बघा."

तो आप्पांकडे पाहून कसनुसं हसला आणि परवा येतो म्हणून गेला. आप्पा माझ्यावर उखडले. "गिऱ्हाईक म्हणंल तसं काढायचं. आपल्या बापाचं काय जातंय?" त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. एका हॉटेलवाल्याच्या हट्टापायी भज्यांच्या ताटात हापूस आंबा रंगवला होता आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला मात्र वाटत होतं. एक खोटी मुंगी भिंतीवर टांगली की तिच्यासमोर पोरांच्या किती पिढ्या बसतात ते मी भोगलं होतं.

तिसऱ्या दिवशी भीमाशंकरला निघालेल्या सरांना वाटेत नवी चित्रं द्यायला मी घोडेगावला गेले. दुपारी एसटीने परत आले तर व्यापारी दुकानात चहा पीत बसलेला आणि चित्र गुंडाळायच्या तयारीत. मी ते उलगडलं. मागची जोडी पांढऱ्या रंगाने बुजवली होती आणि पोटातून दोन नवे पाय काढले होते. आप्पांचा हात सफाईदार. पाय सुंदर होते, डौलदार होते, आणि त्यामुळेच मला जास्त रडू आलं.

रडले, पण हात थांबला नाही. ब्लेड घेतलं आणि दोघांच्या देखत ते दोन पाय खरवडून काढले. मग पांढरा रंग खरवडला. खाली माझे ठिपके निम्मेअर्धेच उरले होते. चित्र वाया गेलं. व्यापारी म्हणाला, "कमाल झाली राव," आणि कप ठेवून निघून गेला. आप्पांनी टेबल उचललं आणि मागे नेऊन त्यावर रंगाचे डबे मांडले.

मी बरश हातात घेतला नाही. बाहेरच्या ओट्यावर मांडीवर फळी घेऊन बसले. धूळ यायची, ट्रकचा धूर यायचा, ठिपका हलायचा. हलला की नवा कागद. आप्पा आतून बघायचे, मी बाहेरून बघायचे नाही. अशी बरीच वर्षं गेली. कॉलेजं चित्रं मागू लागली, माळशेजला जाणारी मंडळी चहाला थांबली की एखादी मुंगी घेऊन जाऊ लागली.

तोवर फाट्यावर फ्लेक्सचं मशीन आलं. पाट्या गेल्या, मग ट्रकवाल्यांनीही स्टिकर लावायला सुरुवात केली. आप्पांचे बरश डब्यात ताठ होऊन गेले. मला त्याचा आनंद झाला असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. माझ्या हाताला जे वळण आहे ते त्यांचंच आहे.

एकदा मी ओट्यावर पुठ्ठा लावला, 'मुंग्यांची चित्रे मिळतील'. लोक येऊन मुंग्यांची पावडर मागू लागले. एक पाहुणे तर झुरळांचं औषधही मागून गेले. तेव्हा ठरवलं, दुकानाच्या कपाळावर हातभर मुंगीच हवी. फ्लेक्सवाला तासाभरात करून देतो म्हणाला. मी आप्पांसमोर माझं चित्र ठेवलं आणि म्हटलं, "पाटी तुमी रंगवा."

ते कितीतरी वेळ चित्र बघत राहिले. मग त्यांनी भिंग मागितलं. मी टाचणीवरचा डोंगळा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुंगी पाहिली.

शिडीवर चढून ते रंगवत होते तेव्हा समोर टायर बदलत बसलेला ड्रायव्हर ओरडला, "पेंटर, पोटाचं पाय ऱ्हायलं की!"

"ऱ्हायलं न्हाईत," आप्पा वरूनच गरजले. "मुंगीच्या पोटाला पाय नसत्यात. खाली वाक आन् बघ, न्हाईतर गप बस."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी शिडीवरून उतरले, मागे गेले, डबे खाली ठेवले आणि टेबल पुसून दारापाशी आणून ठेवलं.