वृद्धाश्रमाचं मागचं दार

तपासणीला जायचं म्हटलं की मला अजूनही हुरूप येतो. कार्यालयातली बाकीची मंडळी या कामाला कंटाळायची, मी मात्र आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवायची. आणि ती तर माझी पहिलीच स्वतंत्र तपासणी होती. घाटंजीपासून आत, एका खेड्याच्या कडेला वीस म्हाताऱ्या माणसांचा वृद्धाश्रम होता. यवतमाळहून मी एकटीच निघाले. सोबत सत्तेचाळीस प्रश्नांचा छापील तक्ता, टॉर्च, आणि एक पेन पुरलं असतं तिथे तीन पेनं.

"कायले एवढी धावपळ करता?" साहेब म्हणाले होते. "चहा घ्या, रजिस्टर पाहा, सही करा, तीनच्या गाडीनं वापस या." ते स्वतः तशीच तपासणी करायचे. मी तोंडाळ म्हणून आधीच बदनाम होते. म्हटलं, "साहेब, प्रश्न सत्तेचाळीस आहेत तर उत्तरं पण सत्तेचाळीस आणीन." ते नुसतेच हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की घाटंजी येईपर्यंत मी तक्ता दोनदा वाचून काढला.

कापसाची ती वर्षं वाईट होती. भाव असा पडला होता की वेचलेला कापूस बाजारात न्यायला कोणी धजावत नव्हतं. आज चढेल, उद्या चढेल म्हणत लोक घरातच कापूस रचून बसले होते. आमच्या घरीही तेच चाललं होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेतीवाले, नोकरीत आलेली मीच पहिली. त्या हिवाळ्यात आमची मधली खोली छतापर्यंत भरली होती आणि माझी खाट स्वयंपाकघरात आली होती. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, तशी माझ्याही हातांवर बारीक पुरळ उठली होती. पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून ती झाकली आणि मी तपासणीला गेले.

आश्रमात जय्यत तयारी होती. झाडून सगळ्या पलंगांवर नव्या चादरी होत्या, त्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. आजोबा-आजी आंघोळ करून, केसांना तेल लावून, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखे ओळीनं बसले होते. व्यवस्थापक म्हणजे निवृत्त झालेले एक गुरुजी. भला माणूस होता.

"या जी मॅडम, आधी चहा घ्या."

"गुरुजी, आधी पाण्याची टाकी दाखवा."

मग जी सुरुवात झाली ती झाली. शिडी लावून टाकीवर चढले, टॉर्चनं तळ पाहिला. तेलाचे डबे हुंगले, डाळीत हात घालून पाहिला. औषधांच्या कपाटात मुदत संपलेल्या खोकल्याच्या दोन बाटल्या सापडल्या, त्या काढून टेबलावर मांडल्या. न्हाणीत आधाराला लावलेला दांडा मजबूत आहे का म्हणून त्याला लोंबकळले, तर तो माझ्याच हातात आला. गुरुजींनी तिथल्या तिथे मिस्त्रीला निरोप धाडला. तक्त्यावरच्या एकेका खुणेबरोबर त्यांचा चेहरा उतरत होता आणि माझा उत्साह चढत होता. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. जेवण चांगलं होतं, फरशी लख्ख होती, तेही मी तितक्याच जोरात लिहिलं.

मग आला एकतिसावा प्रश्न. चालता न येणाऱ्या रहिवाशाला आगीच्या वेळी बाहेर काढण्यासाठी जवळ दार आहे काय, आणि ते उघडते काय?

चालता न येणारी एकच आजी होती. दोन वर्षांपूर्वी पडून खुबा मोडला, तेव्हापासून ती शेवटच्या खोलीत पलंगावर पडून असायची. गुरुजींनी विचार करून तिचा पलंग मागच्या दाराला लागूनच ठेवला होता. कागदावर सगळं बिनचूक होतं. मी कडी काढली आणि दार ढकललं. ते हललं नाही. खांदा लावला, तरी नाही.

"ते नाही उघडत वो माय," आजी दंड खाजवत म्हणाली. "त्याच्या मांगं कापूस हाय."

मी तरातरा वळसा घालून मागे गेले. मागची पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत कापसानं भरली होती. आश्रमाचं मागे चार एकराचं शेत होतं, आणि ज्यांना चालता येत होतं त्यांनी हा कापूस स्वतः वेचला होता. पडवीच्या पायरीवर बिड्यांची तीन थोटकं पडली होती. ती पाहून माझं डोकंच तापलं. घरात रचलेल्या कापसानं पेट घेतल्याच्या बातम्या त्या हंगामात कुठून ना कुठून येतच होत्या. ही गंजी पेटली असती तर आजी जागच्या जागी गेली असती, आणि दार तिच्या उशाशीच होतं.

"इथं बिडी कोण पितं?"

जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात सालदारकी केलेले एक आजोबा पुढे आले. "मीच पितो जी. पण लक्ष ठेवून पितो. कापसाले नाही लागू देत."

"आणि आजीला लागली तर?"

"आजीले कायची लागते? ते त आत हाय."

गुरुजी चाचरत म्हणाले, "मॅडम, आता कोणाच्या घरी कापूस नाही? तुमच्या घरी नसन काय?" माझं मनगट त्यांनी पाहिलं होतं. मी बाही खाली ओढली.

'दार उघडत नाही' असं लिहून मला परत जाता आलं असतं. पण माझ्या लिहिण्यानं दार थोडंच उघडणार होतं. मी पदर खोचला आणि सांगितलं, "आत्ता, माझ्यासमोर, दारापुढचा कापूस हलवायचा. अंगणापलीकडच्या टिनाच्या शेडमध्ये न्यायचा."

मला वाटलं कुरकुर होईल. झालं उलटंच. सकाळपासून मांडवात बसल्यासारखी बसलेली माणसं उठली ती कामाला भिडली. एका आजीनं मला तोवर नावसुद्धा सांगितलं नव्हतं, तीच आता गाठोडं कसं बांधायचं यावरून गुरुजींना रागे भरू लागली. सालदार आजोबा एकेका गाठोड्याला हात देत होते आणि ज्याचं गाठोडं लहान त्याची टिंगल करत होते. नव्या चादरींचीच गाठोडी झाली, तेव्हा गुरुजींनी डोळे मिटून घेतले. तासाभरात एक कोपरा सोडून सगळी पडवी रिकामी झाली. मी आतून दार ढकललं, आणि ते करकरत सताड उघडलं.

"बाप्पा, केवढा उजेड," आजी डोळ्यांवर हात धरून म्हणाली.

एकतिसाव्या प्रश्नापुढे मी अशी मोठी खूण केली की कागद फाटायचा राहिला. तीनची गाडी अजून मिळाली असती. पण अंगात वारं शिरलं होतं. दार उघडलं खरं, पण माणसं बाहेर पडतात का, हे नको पाहायला? सगळ्यांना आपापल्या खोलीत पाठवलं आणि समजावून सांगितलं. पडवीत उरलेल्या कापसाला आग लागली आहे असं समजायचं. स्वयंपाकीणबाई परात वाजवतील. परात वाजली की सगळ्यांनी बाहेर येऊन कडुनिंबाखाली जमायचं. किती वेळ लागतो ते मी घड्याळात पाहणार.

परात वाजली. माणसं निघाली, आणि काय निघाली! गुडघेदुखीची रजिस्टरमध्ये नोंद असलेली आजी सगळ्यांच्या पुढे होती. पण कडुनिंबाकडे कोणी वळलंच नाही, सगळे पडवीत शिरले. सालदार आजोबांनी घोंगडं पसरलं. "उचला वो, जळन सारा!" कोणी पदरात, कोणी चादरीत, कोणी नुसतं कवेत कापूस भरून पळत होतं. मी घड्याळ हातात धरून "लवकर, लवकर" म्हणत होते. कोणत्या क्षणी मी घड्याळ पिशवीत टाकलं आणि वाकले, ते मला आजही सांगता येत नाही. एवढं आठवतं की माझ्या कमरेवर गच्च बांधलेलं गाठोडं होतं आणि मी अंगण पार करून धावत होते. माझ्या बाजूनं गुरुजी धावत होते.

कडुनिंबाखाली पांढरा ढीग लागला. पडवीत एक बोंड उरलं नाही. मी घड्याळ काढून पाहिलं. चार मिनिटं! मी टाळ्या वाजवल्या. सगळे धापा टाकत हसत होते. तिथेच उभ्या उभ्या मी तक्त्यात लिहिलं, 'सर्व बाहेर, वेळ चार मिनिटे'.

तेवढ्यात आतून हाक आली. "काय वो माय, निघाला काय सारा कापूस?"

मी माणसं मोजली. एकोणीस भरली. रजिस्टर माझ्याच काखेत होतं. सताड उघडलेल्या त्या दारासमोरून मी दोन वेळा गेले होते आणि दोन वेळा परत आले होते. मला अशी लाज वाटली की कानशिलं गरम झाली. ज्या एका माणसासाठी दार उघडायला लावलं, तेच माणूस माझ्याकडून आत राहिलं होतं.

मी आत गेले. आजी कोपरावर रेलून, मान उंच करून बाहेर पाहत होती.

"निघाला आजी," मी म्हटलं. "तुम्ही राहून गेल्या."

"राहू दे वो. कापूस त निघाला ना. बरं झालं."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच हायसं वाटलं होतं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदानं ऐकून घेतल्या असत्या.

बाहेर येऊन मी 'चार मिनिटे' खोडलं, सगळ्यांना परत खोल्यांत धाडलं आणि परात पुन्हा वाजवायला सांगितली. या वेळी कोणी पडवीकडे गेलं नाही. पलंग दारातून निघेना, चार बोटं जास्त भरला. मग आजीच्या अंगाखालच्या चादरीची टोकं चौघांनी धरली. गुरुजी, सालदार आजोबा, परात टाकून धावत आलेल्या स्वयंपाकीणबाई, आणि मी.

"मले कायले उचलता?" आजी चादरीतून म्हणाली. "मी काय इकायची हाओ?"

सगळे हसले, तीही हसली. आम्ही तिला जपून कडुनिंबापर्यंत नेलं. माझ्या हाताला वजन म्हणून लागलंच नाही. मघाचं गाठोडं तिच्यापेक्षा जड होतं, आणि ते मी एकटीनं, पळत नेलं होतं.