बांधावर बसणारे गायकवाड अण्णा

दोन सख्खे भाऊ कोयते घेऊन समोरासमोर उभे आहेत, दोघांच्या बायका पदर खोचून एकमेकींचं माहेर उद्धरताहेत, आणि मधल्या बांधावर एक जाडजूड माणूस चपला काढून, मांडी घालून निवांत बसला आहे, असं दृश्य भोर-वेल्ह्यात कुठंही दिसलं की समजायचं, गायकवाड अण्णा मोजणीला आलेत. "बसा रं," ते म्हणायचे, "बसून भांडा. उभ्यानं पाय दुकत्यात." बसलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. किकवीला तर लोक इतके निवांत बसले की वादी घोरायला लागला आणि प्रतिवादीनं त्याला कड बदलायला सांगितलं. खोटं वाटत असेल तर किकवीत जाऊन विचारा. फक्त माझं नाव सांगू नका.

अण्णा आमच्या मोजणी खात्यातले सर्वांत जुने भूमापक, मी त्यांच्या हाताखालचा. पुण्याच्या लोकांना डोंगरउतारावर बंगले हवेसे झाल्यापासून इथली वीत-वीत जमीन पेटलेली. आम्ही हद्दीची खूण रोवली की एका बाजूला पेढे आणि दुसऱ्या बाजूला माझ्या आईबहिणीची आठवण. वरून कचेरीचे फोन. या सगळ्यावर मला एकच उतारा ठाऊक होता, सिगरेट. त्यात दोन्ही पक्ष पाकीट पुढं करणार. एकाची घेऊन दुसऱ्याची नाकारली तर सरकारी माणूस फितूर झाल्याची बोंब! म्हणून मी न्यायबुद्धीनं दोघांच्याही ओढायचो. चार भावांची वाटणी असली की विचारूच नका. तोरण्यावर चढलेल्या पोरांना खाली वणवा दिसायचा, तो मी असायचो.

मग एकदा पासलीच्या चढावर दम असा कोंडला की खुणेच्या दगडाआधी मीच जमिनीत रोवला गेलो. भोरच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, "सिगरेट सोडा, नाहीतर डोंगर सोडा." आमच्या भागात डोंगर सोडून मोजायला उरतं काय? म्हणजे नोकरीच गेली, आणि घरी दोन लेकरं. मी त्याच सकाळी सिगरेट सोडली. जेवणाच्या वेळेपर्यंत टिकलं.

"अण्णा, टेन्शन आलं की राहवत नाही हो," मी रडकुंडीला आलो.

अण्णांनी मला बांधासारखं निरखलं. "शिव्या सुरू झाल्या की तू हळूच आंब्यामागं जातुस. म्या बगितलंय. तुला सिगरेटीपरास त्यो आंबा लागतुया. त्योच आपुन चारचौघांत आनू."

मला वाटलं, म्हातारा उन्हानं तापलाय. पण पुढच्या मोजणीला, पुन्हा पासलीतच, किसन आणि मारुती या भावांची जुंपली आणि माझा हात खिशाकडं गेला. तेवढ्यात अण्णांनी असा आवाज टाकला की खालच्या धरणातलं पाणी हललं.

"थांबा समदी! सायबांना तलफ आलीया. खाली बसा. तलफ गेल्याबिगर मोजणी न्हाई. तुमी समदे पंच. ह्यानं वढली तर काम रद्द, फुडली तारीख घ्या!"

पुढच्या तारखेच्या धाकानं दोन्ही बाजूंचे पंच, भाऊ, बायका, कुत्रीसुद्धा धपाधप बसली आणि माझ्या तोंडाकडं बघू लागली. मला घाम फुटला.

"गेली का, सायेब?" किसन.

"गप रं," मारुती म्हणाला. "घाई केली की माघारी येती ती."

"तुला काय ठावं?"

"म्या तमाकू सोडली न्हवं का."

"कवा?"

"लई दिस झालं. बोलत असतास तर कळलं असतं."

किसन खाली मातीकडं बघत राहिला. मारुतीच्या बायकोनं तांब्या आणला. आधी मला दिला, मग मोठ्या दिरापुढं ठेवला. माझी तलफ कधी गेली ते मला कळलंच नाही.

तेव्हापासून माझी तलफ दोन्ही तालुक्यांत सार्वजनिक झाली. मी खिसा चाचपला की अनोळखी माणसंही बसायची. एकदा तर म्हणे मी एसटीत खिशातून रुमाल काढला आणि कंडक्टर उभ्या गर्दीला म्हणाला, "बसा खाली, सायबांना वेळ द्या." सिगरेट सुटली, दम परतला, डोंगर राहिला, नोकरी राहिली. अण्णांचे आभार मानायला गेलो तर म्हणाले, "म्या काय केलं? म्या तर बसलो हुतो."

निवृत्तीनंतर अण्णा उत्रोलीला भातशेती करायचे. तिथंच गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी, त्यांचा फोटो बघवेना म्हणून मी मांडवाबाहेर पडलो. शेजारच्या आंब्यामागं गेलो. हात आपसूक रिकाम्या खिशावर. इतक्या काळानंतर तीच जुनी, घसा ओढणारी तलफ.

तेवढ्यात एका मोटरसायकलवरून किसन आणि मारुती उतरले. दोघांनी माझा हात पाहिला.

"आली व्हय, सायेब?"

मी नुसती मान हलवली. दोघांनी चपला काढल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंना मातीत बसले. मांडवातली माणसंही एकेक करून आली, बसली.

बऱ्याच वेळानं मारुतीनं विचारलं, "गेली?"

"गेली," मी म्हणालो. तरी उठलं कुणीच नाही.