शेवटच्या ताटाची शिट्टी

माझ्या बायकोच्या मामांइतका सरकारी आदेश मन लावून वाचणारा आणि तितकंच मन लावून तो न पाळणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा झाला नसेल, आणि पुन्हा होऊ नये म्हणून एखादं खातं देवाला नवस बोललं असेल तर मला नवल वाटणार नाही. मामा रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीचा कागद त्यांनी आदराने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून घरच चालवायला घेतलं. चहाला शिट्टी, आंघोळीला शिट्टी, मामी बाजाराला निघाल्या की फाटकापाशी उभं राहून शिट्टी. मामा वाजले की कुकर, याचा पत्ता न लागल्यामुळे मामींचा भात वरचेवर करपायला लागला. शेवटी मामींनीच त्यांना हाताला धरून समता कॉलोनीतल्या आमच्या मराठी सेवा मंडळात आणून सोडलं. "हे घ्या, आता तुमीच सांभाळा," एवढंच म्हणाल्या आणि मागे वळूनही न पाहता निघून गेल्या.

तोवर आमचं मंडळ वर्षाकाठी एक हळदीकुंकू, एक गणपती आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार यापलीकडे कुणाच्या अध्यात-मध्यात नव्हतं. मामांनी पहिल्याच महिन्यात चष्म्यांचं शिबिर घेतलं. डॉक्टरांना यायला उशीर झाला, तेव्हा मामांनी स्वतःच तपासणी सुरू केली. प्रत्येक म्हाताऱ्यापुढे ताटभर तांदूळ ठेवायचे आणि खडे वेचायला सांगायचे. "खडा दिसला? मंग चष्मा काहून पाह्यजे? उठा!" डॉक्टर आले तेव्हा निम्मी माणसं परत गेलेली होती आणि गणपतीच्या महाप्रसादातून उरलेले मंडळाचे पोतंभर तांदूळ निवडून झाले होते. त्या निवडलेल्या तांदळाचं करायचं काय, या विचारातून मामांना दुपारच्या जेवणाची कल्पना सुचली. आमच्या वस्तीत त्याची गरजही होती. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, त्याच्याही पलीकडे गेलेली. मागे मोठमोठी घरं, बंद खोल्या आणि दुपारी चहात बिस्किट बुडवून जेवण उरकणारी माणसं. एकट्यासाठी फोडणी कोण घालतो?

मंडळाच्या हॉलमध्ये रोज दुपारी पंगत बसू लागली. वरण, भात, लाल भाजी, कधी कढी, उन्हाळ्यात इथल्या रीतीप्रमाणे ताकातला शिळा भात आणि कांदा. मामा शिट्टी वाजवत, मंडळी जेवायला लागत. मामा पुन्हा शिट्टी वाजवत, तेव्हाच मंडळी उठत. ही दुसरी शिट्टी शेवटच्या माणसाचं ताट रिकामं झाल्याखेरीज वाजत नसे. आपल्याकडे पंगतीतून मधेच उठू नये असं सगळेच म्हणतात आणि सगळेच हळूच उठतात. मामांच्या पंगतीत ती सोय नव्हती. मी एकदा ऑफिसची घाई सांगितली तर म्हणाले, "जावईबापू, मी सारी जिंदगी शेवटच्या डब्यात काढली. शेवटचा डबा आल्याबिगर गाडी आली असं कोनी म्हनत नाई. बसा."

आणि शेवटचा डबा म्हणजे चौबे कॉलोनीतल्या माई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कवळी त्यांच्या पर्समध्ये असायची, ती फक्त लग्नसमारंभाला बाहेर निघत असे. एक घास तोंडात फिरवता फिरवता त्या एखाद्या विद्यार्थ्याची जन्मापासून नोकरीपर्यंतची हकिगत पुरी करत. त्यांच्या शेजारी बसायचे उरला या कारखान्यांच्या वस्तीतले छत्तीसगडी कका, म्हणजे काका. रोलिंग मिलमध्ये आयुष्य गेल्यामुळे कान पार गेलेले. मामांनी त्यांना कुठल्याशा टपरीवर एकटेच भजी खाताना पाहिलं आणि स्कूटरवर घालून आणलं. मंडळातल्या काही जणांनी, हे मंडळ आपल्या समाजाचं आहे, अशी कुजबुज केली. मामा म्हणाले, "त्याच्या भुकेले विचारून या, ते कोन्या समाजाची हाये. तवरोक मी त्याले वाढतो." कका शिट्टी ऐकू येत नसल्यामुळे मामांच्या गालांकडे टक लावून बसत. गाल फुगले की उठत.

समाजकल्याण खात्याकडून मंडळाला थोडंफार अनुदान मिळत होतं, आणि एक दिवस त्याचे नियम बदलले. बसून जेवू घालणं बंद. जेवण बंद पाकिटात भरून घरोघर पोचवायचं, पाकीट हातात घेतलेल्या लाभार्थ्याचा फोटो रोज मोबाइलवर चढवायचा. मामांनी आदेश तीनदा वाचला. "छान लिवलं," म्हणाले, "पन लाभार्थी कोन? माह्याकडे तर पाव्हने येतात." माईंचा चेहरा मात्र पडला होता. "पाकीट येईल हो दारात," त्या म्हणाल्या, "पन ते घेऊन मी बोलू कोनाशी? फ्रिजशी?" मामांनी आदेशाची घडी घातली आणि नेहमीची शिट्टी वाजवली.

पंगत चालूच राहिल्यावर तपासणीला एक तरुण अधिकारी आले. बिचारे सभ्य होते. बोलायला सुरुवात करताना त्यांनी मोठ्या अदबीने "देखिए मामाजी" म्हटलं आणि तिथेच फसले. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्येचं माहेर हे, म्हणून राम इथला भाचा आणि म्हणून प्रत्येक भाचा रामाच्या जागी, अशी इथली श्रद्धा. मामा विदर्भातले, पण ही रीत त्यांनी एवढी मनावर घेतली होती की "मामाजी" म्हणणाऱ्या दूधवाल्याच्याही ते पाया पडत. साहेबांच्या ते असे झटकन वाकून पाया पडले की साहेब दचकून मागच्या बाकावर बसले. "भांचा घर आया और बिना खाए जाएगा?" भाच्याला उपाशी कसं पाठवायचं, या प्रश्नाला इथे जन्मलेल्या माणसाजवळ उत्तर नसतं. साहेब पंगतीत बसले, माई आणि ककांच्या मधोमध.

साहेबांचं जेवण चटकन झालं. त्यांनी उठायला गुडघा उचलला, तर माईंनी मनगट धरलं. "शिट्टी नाई झाली, बेटा." माईंच्या ताटात अजून भाताचा डोंगर होता. साहेबांचा फोन वाजला, ड्रायव्हर दारातून डोकावून गेला, दुसऱ्या बाजूने कका मिलच्या आवाजावर मात करायच्या जुन्या सवयीने त्यांच्या कानात नातीच्या लग्नाची गोष्ट ओरडून सांगत होते. शेवटी साहेबांनी फोन बंद केला आणि माईंना विचारलं, "आपने कौन से स्कूल में पढ़ाया?" मग काय, भात आणखीच लांबला. शिट्टी झाल्यावर हात धुताना ते मामांना हळूच म्हणाले, "मामाजी, मन से कहूँ तो बहुत अच्छा लगा। पर नियम तो नियम है।"

"हव," मामा म्हणाले, "आमचाबी एक नियम हाये. तुमी आत्ताच पाळला."

अनुदान थांबलं. मंडळाची बैठक झाली. पाकिटं वाटावीत, फोटो काढावेत, उगाच वाकड्यात कशाला शिरा, असं शहाण्यासुरत्या लोकांचं म्हणणं पडलं. त्यात मीही होतो. मामा उठले, स्वयंपाकघरातली विळी उचलून बाहेर गेले. आम्ही घाबरून मागे धावलो. पाहतो तर मामा स्टुलावर चढून दारावरच्या पाटीवरचं "शासकीय अनुदानप्राप्त" खरवडत होते. "पंगत आता आपल्या घरची झाली जी," वरूनच म्हणाले, "घरच्या जेवनाचा फोटो कोन मांगते ते पाहू." त्या दिवसापासून एका घराने डाळ, दुसऱ्याने तांदूळ, तिसऱ्याने भाजी असं सुरू झालं. ज्या घरातून नकार येई, त्या घरच्या माणसाला मामा आग्रहाने जेवायलाच बोलवत. माईंच्या शेजारी बसून उठल्यावर तो मुकाट्याने तेलाचं पिंप पाठवून देई.

गेल्या थंडीत मामांना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं निभावलं, पण उजवा हात लटपटतो आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. बरे होऊन ते पहिल्यांदा पंगतीला आले त्या दिवशी मी समोरच होतो. एरवी सगळ्यांना वाढून झाल्यावर चार घासांत जेवण संपवणारा हा माणूस डाव्या हातात चमचा धरून एकेक शीत वेचत होता. निम्मं वरण सदऱ्यावर. सगळ्यांची ताटं रिकामी झाली, माईंचंसुद्धा. मामांनी सगळीकडे एकवार पाहिलं, भरलं ताट बाजूला सारलं आणि भिंतीचा आधार घेऊन उठायला लागले. मला ते पाहवेना.

"बसा जी," माई मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. "काहून उठून राहिले? शेवटचं ताट व्हायचं हाये."

मामा बसले. कुणी उठलं नाही. कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. माईंनी एका विद्यार्थ्याची गोष्ट काढली, ती आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकलेली होती, तरी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले. माझा उष्टा हात कोरडा ठणठणीत झाला. बऱ्याच वेळाने मामांचं ताट रिकामं झालं. त्यांनी गळ्यातली शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून नुसतीच हवा निघून गेली. मामांनी पुन्हा फुंकली. पुन्हा हवाच. हॉलमध्ये कुणाला कुठे पाहावं कळेना.

तेवढ्यात कका, ज्यांनी ती शिट्टी जन्मात कधी ऐकली नव्हती आणि जे आजवर फक्त मामांचे गाल पाहत आले होते, दोन्ही हात टेकून उठले आणि साऱ्या कॉलोनीला ऐकू जाईल असे ओरडले, "बाजगे! सीटी बाजगे! चलव!"

आणि आम्ही सगळे हात धुवायला उठलो.