गुणांची अट नव्हती

तिला सगळे मशीनवाली म्हणत. अठराव्या वर्षी ती कॉलेजच्या ऑफिसात सरकारी अनुदानाचा अर्ज मागायला गेली, तेव्हा खिडकीतल्या क्लार्कने तिची गुणपत्रिका एका बोटाने मागे सरकवली. "बावन्न टक्के? हे पैसे हुशारांसाठी असतात." तिने खरं मानलं. वडील अंथरुणाला खिळलेले, फी भरणार कोण? ती शिलाई मशीनवर बसली, ती बावीस वर्षं.

मग भाचीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. भाची माहितीपत्रक मोठ्याने वाचत होती. घरचं उत्पन्न कमी असेल तर अनुदान. गुणांची अट नाही, परतफेड नाही.

"हे नवीन आहे का गं?"

"नाही मावशी. तीस वर्षं झाली, इथे लिहिलंय."

मशीनवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. खिडकीत तोच माणूस, आता हेडक्लार्क. भाचीलाही त्याने तेच ऐकवलं. मशीनवाली म्हणाली, "साहेब, एवढं लिहून द्या." तो हसला. त्याने तिला ओळखलंच नाही, हे जास्त झोंबलं.

आठवड्याभरात तिने कॉलेजच्या फाटकासमोर मशीन मांडलं. बॅगेची चेन बदलायला आलेल्या प्रत्येकाला विचारी, "घरी कमावतं कोण? अर्ज केलास?" मग स्वतः शेजारी बसून अर्ज भरून घेई. "शिक्क्याची पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, कळलं?"

वर्षभरात शहात्तर पोचा जमल्या. फाईल मात्र एकही पुढे गेली नव्हती. तिने तो गठ्ठा वरच्या कार्यालयात नेऊन आपटला. चौकशी लागली. लाच कुठेच सापडली नाही. फायली वाढल्या की काम वाढतं, एवढंच कारण. ते ऐकून ती आणखी पेटली. पैसे खाल्ले असते तर निदान हाव तरी समजली असती.

एका दुपारी हेडक्लार्क फाटकापाशी आला. "ताई, निवृत्तीला चार महिने राहिलेत. तक्रार मागे घ्या."

"मला ओळखलंत?"

त्याने निरखून पाहिलं. "नाही."

"मग नाही घेत."

तो निलंबित झाला. भाचीसकट शहात्तर जणांना अनुदान मिळालं.

बहीण म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता सोड."

"का सोडू? गावात अजून दोन कॉलेजं आहेत."

सोमवारी तिने मशीन हातगाडीवर चढवलं.