सिस्टर, सोपान आणि एक पेटी द्राक्षं

सिस्टर कुणालाही भेटल्या की आधी त्याच्या नखांकडे बघायच्या, चेहऱ्याकडे नंतर. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाचं बोट त्यांनी दारातच धरलं, नख दाबलं, सोडलं आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे तुझं. गूळ-शेंगदाणे खात जा." तो बिचारा इतका घाबरला की आकडा न टिपताच निघून गेला. घरातल्या दोन कुत्र्यांच्या बाबतीत नखाची जागा हिरडी घ्यायची. रोज सकाळी त्या ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबत, उचलत आणि मोजत. एक, दोन. पांढऱ्या ठशाच्या जागी दोनच्या आत गुलाबी रंग परत आला, की भिंतीवरच्या तक्त्यात बरोबरची खूण. तिथे तापमान, पाणी, जेवण, लघवी, सगळ्यांचे रकाने होते. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डातून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण वॉर्ड त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता.

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे. त्यांच्याकडे दोन ग्रेहाउंड होते, शांता आणि सोपान. दोघंही माळावरच्या शर्यतींतून टाकून दिलेले. शांताचा पाय अधू झाला होता आणि सोपान एका मोसमात दोनदा हरला होता. एवढाच त्यांचा गुन्हा. उंच, कमरेला मूठभर, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी ही जात. जिन्यावरून जाणारं कुणीतरी हमखास विचारायचं, "सिस्टर, खायला घालत नाही का यांना?" सिस्टर त्याच्या पोटाकडे बघत म्हणायच्या, "यांची जातच अशी आहे. तुमची नाही."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊन. माझे वडील कामगार संघटनेत. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. संपाची, जयंतीची, पाणीपट्टीच्या विरोधातली. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. छापलेल्या कागदाने जग हलतं, असं मला अगदी मनापासून वाटायचं. शर्यतींच्या विरोधात मी पत्रक काढलं आणि सिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, चार घड्या घातल्या आणि शांताच्या डुगडुगणाऱ्या पाण्याच्या वाटीखाली सरकवलं. "बसली बघ वाटी. उपयोगी आहे तुझं लिखाण. काय नाव म्हणालीस? राहू दे. छापखाना!" त्या दिवसापासून मी छापखाना झाले. राग आला होता, पण दुसऱ्या दिवशी परत गेले.

शांताला फरशीची भीती होती. मातीवर वाढलेली ती. गुळगुळीत फरशीवर पाय टाकला की चारही पाय फाकायचे आणि ती थरथरत उभी राहायची. मी म्हटलं, ओढून आणा, सवय होईल. सिस्टरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी पिंपळगावच्या मार्केटमधून कांद्याची रिकामी गोणपाटं आणवली आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरली. दर आठवड्याला एक गोणपाट वीतभर मागे ओढायचं, एवढंच. पावसाळ्यात सुरू केलं आणि हिवाळा संपता संपता शांता सिस्टरांचं जुनं निळं स्वेटर घालून उघड्या फरशीवर चालत आली. घरात बरेच दिवस कांद्याचा वास होता.

सोपानचं दुखणं वेगळं होतं. तो उघड्या डोळ्यांनी झोपायचा. या जातीत असतं तसं. डोळे अर्धे उघडे, बघणाऱ्याला वाटावं जागा आहे, आणि हा मात्र गाढ झोपेत. त्या झोपेत कुणी हात लावला की तो जागा होण्याआधी त्याचे दात जागे होत. सिस्टरांनी दाराला पाटी लावली होती: 'झोपलेल्याला हात नाही, हाक.' त्या म्हणायच्या, "वॉर्डातही मी हेच करायचे. झोपलेल्या पेशंटला हात लावलास तर तो कुठल्या स्वप्नातून उठेल, तुला काय माहीत? आधी नाव घे. नाव ऐकलं की माणूस आपल्या जागी येतो."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटोळे साहेब नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले, मूळचे निफाडकडचे. एका सकाळी ते पाण्याच्या टाकीची सूचना द्यायला आले. दारात ऊन खात पडलेल्या सोपानचे डोळे त्यांना उघडे दिसले. मायेनेच वाकले आणि पाठीवर हात ठेवला. मनगटाला चार टाके पडले.

साहेबांचा आवाज तीन मजल्यांवर ऐकू आला. "लय झालं हे! उद्या एखाद्या लेकराचं तोंड फोडील तो! सिस्टर, मला तुमचा आदर हाय, पन हे चालनार नाय." सिस्टरांनी वाद घातला नाही. आधी त्यांच्या जखमेवर साबणाचं पाणी धार धरून ओतलं, लस घ्यायला पाठवलं आणि मग म्हणाल्या, "चूक माझी. पाटी आतल्या दाराला होती, बाहेर हवी होती." सभा झाली. ठरलं असं: एक महिना मुदत. त्यात सोपान कुणाच्याही अंगावर गेला तर त्याला सोसायटीतून काढायचं. आणि काढायचं म्हणजे कुठे? शर्यतवाल्याने आधीच सांगितलं होतं, परत आणाल तर रस्त्यावर सोडीन. अंगावर चरबी नाही, कातडी कागदासारखी. अशा कुत्र्याने रस्त्यावर आठवडाही काढला नसता.

सिस्टरांनी उपचार सुरू केला. रोज दुपारी सोपान झोपला की दारातून त्याला नावाने हाक मारायची. मान वर केली की लांबूनच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा टाकायचा. मग एक पाऊल जवळ जाऊन पुन्हा हाक. हात कधीच नाही. तीन दिवसांनी त्यांनी दुपारचं काम माझ्यावर सोपवलं. मुद्दाम. "तुझ्या आवाजाची त्याला सवय नाही. परक्या हाकेलाही उठला पाहिजे." मी तीन पावलांवरून दोन पावलांवर आले. साहेब येता-जाता खिडकीतून बघायचे, बांधलेलं मनगट छातीशी धरून. मला ते पहारेकऱ्यासारखे वाटायचे. माझ्या डोक्यात त्यांच्यावरचं पत्रक तेव्हाच तयार व्हायला लागलं होतं.

मुदत संपायला सहा दिवस राहिले होते. सकाळी साडेनऊला सोपानने जेवणाकडे पाठ फिरवली. दहा वाजता ओकला. अकराला उठून उभं राहताना मागचे पाय लटपटले. जेल रोडचे डॉक्टर आले, पोट चाचपलं, रक्त घेतलं, म्हणाले, "काहीतरी खाल्लंय. काय, ते कळलं पाहिजे. या जातीला औषधं जपून द्यावी लागतात. नुसत्या अंदाजाने भलतंच इंजेक्शन दिलं तर तेच जड जायचं."

मला कळायचं काही बाकी नव्हतं. मुदत संपत आलेली, कुत्रा सुधारत चाललेला, आणि सेक्रेटरींच्या हातात उंदराच्या औषधाचा डबा मी परवाच पाहिला होता. मी घरी गेले आणि अर्ध्या तासात लिहून काढलं. 'मुक्या जिवावर विषप्रयोग. सोसायटीत कुणाला हवा आहे सोपानचा मृत्यू?' नाव घातलं नाही, पण 'मनगटाचा सूड' असे शब्द घातले. कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढल्या आणि चारही इमारतींच्या टपालपेट्यांत टाकून मी परत सिस्टरांकडे आले. दीड वाजला होता.

सिस्टर जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर सोपानची ओकारी. एका काडीने त्या ती शांतपणे उलगडत होत्या.

"पत्रक वाचलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "वरच्या वहिनी दाखवून गेल्या. भाषा चांगली आहे. त्यात कुठे लिहिलंय, त्याने काय खाल्लं?"

"विष, सिस्टर! दुसरं काय असणार?"

"तू पाहिलंस?"

"त्यांच्या हातात डबा..."

"उंदराचं औषध टाकीजवळ ठेवायचं, हे सभेत माझ्यासमोर ठरलं. ते राहू दे." त्यांनी काडीवर काहीतरी उचललं. काळसर, पातळ, ओलं. "हे काय आहे? ही साल कसली?"

मी बघितलं आणि ओळखलं.

पिंपळगावहून मामांनी काळ्या द्राक्षांची पेटी पाठवली होती. आदल्या दुपारी कोंबडीचे तुकडे संपले. सोपान छान हाकेला उठत होता आणि मला थांबायचं नव्हतं. ओढणीत बांधून आणलेली द्राक्षं मी एकेक करून फेकली. त्याने ती हवेतल्या हवेत झेलली. हाक, मान वर, द्राक्ष. पुन्हा हाक. किती घोस संपले ते मी बघितलंही नाही. आमच्या जिल्ह्यात गाईला, शेळीला, पोपटाला, पाहुण्याला, सगळ्यांना द्राक्षंच देतात. द्राक्षाने कुणाचं काय वाईट होतं?

खोटं कशाला सांगू, सोपानआधी मला माझं पत्रक दिसलं. चारही इमारतींत लोक ते वाचत असतील. मी आत्ता तोंड उघडलं तर त्यातली प्रत्येक ओळ खोटी. नाही उघडलं तर? सोपानच्या फासळ्या वरखाली होत होत्या. सिस्टरांनी त्याच्या हिरडीवर अंगठा दाबला, उचलला. एक. दोन. तीन. रंग परत आला नव्हता.

"छापखाना," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू काही दिलंस का?"

"द्राक्षं," मी म्हणाले. "काल. खूप."

त्यांनी लगेच फोन उचलला. डॉक्टरांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "अहो, कुत्र्याला द्राक्षं म्हणजे विषच! किडन्या जातात! आलोच मी, सलाइन लावू." सिस्टरांनी फोन ठेवला. मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "मलाही माहीत नव्हतं. एवढी वर्षं द्राक्षांच्या गावात काढून माहीत नव्हतं. रडायचं असेल तर सलाइन लागलं की बाटली धरून रड. हात वर, खांद्याच्या वर."

पुढचे दोन दिवस मी बहुतेक त्या खोलीतच होते. तक्त्यातल्या एकाच रकान्याकडे सगळ्यांचे डोळे होते. लघवी. सलाइन आत जात होतं, बाहेर काहीच येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, किडनी चालू आहे की नाही ते रिपोर्टआधी तिथे कळेल. सकाळचा रकाना रिकामा राहिला, दुपारचाही. सोपान झोपायचा, डोळे अर्धे उघडे, आणि मला दर वेळी वाटायचं, गेला. हात लावून बघावंसं वाटायचं. मी हात मागे ओढायचे आणि हाक मारायचे. कान हलायचा.

पहिल्याच संध्याकाळी मी साहेबांकडे गेले होते. दारातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझं पत्रक टेबलावर नीट पसरून ठेवलं होतं. "चाळीस वर्षं प्रेसात काढली पोरी," ते म्हणाले. "एक कागद इकडचा तिकडं झाला तर अख्खा विभाग बसवून ठेवायचे. आन तू? न बघता छापून मोकळी." मी म्हटलं, "चुकलं, साहेब. उद्या दुसरं काढते." ते म्हणाले, "तुझ्या नावानं काढ. पहिल्यावर नाव नव्हतं." बरोबर होतं. माझ्या वडिलांच्या एकाही पत्रकावर खाली नाव नाही असं कधी झालं नव्हतं. दुसरं पत्रक पाच ओळींचं झालं. 'द्राक्षं मी दिली. संशय खोटा होता. कुत्र्यांना द्राक्षं आणि मनुका देऊ नका.' खाली माझं पूर्ण नाव. तेही मी चारही इमारतींच्या टपालपेट्यांत टाकलं.

दोन दिवस त्याला उठवतच नव्हतं. तिसऱ्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, "चला, बाहेर. तो घरात करणार नाही, शिस्तीचा आहे." एका बाजूने त्यांनी, एका बाजूने मी, असं पोटाखाली टॉवेल घालून सोपानला अंगणात आणलं. गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी राहिली. सोपान दोन पावलं गेला, थांबला, वास घेतला. आणखी तीन पावलं. समोर पाटोळे साहेबांची स्कूटर होती, नुकतीच धुतलेली, आणि साहेब हातात फडकं घेऊन शेजारीच. सोपानने पाय उचलण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही, स्कूटरला टेकला आणि चाकावर धार लागली.

साहेबांचा फडक्याचा हात वर गेला.

"होऊ दे," ते म्हणाले. "होऊ दे, होऊ दे. सगळं होऊ दे."

सिस्टर मोजत होत्या. धार थांबेपर्यंत त्या मोजत राहिल्या. मग घरात जाऊन त्यांनी रकान्यात बरोबरची खूण केली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता. त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही.

मुदत संपल्यावर पुन्हा सभा झालीच नाही. साहेबांनी स्वतःच फळ्यावर लिहिलं: 'सदर विषय मागे घेण्यात येत आहे.' दोन्ही पत्रकं सिस्टरांनी ठेवून घेतली होती. मी म्हटलं, पहिलं तरी फाडा. "कशाला? पेशंटचे जुने रिपोर्ट फाडतात का?" त्यांनी ती तक्त्यामागे खिळ्याला अडकवली. तेव्हापासून मी काहीही लिहायला घेतलं, कितीही रागाने घेतलं, की जमिनीवर बसलेल्या सिस्टर आणि ती काडी दिसते. काय खाल्लं? तू पाहिलंस? राग माझा कमी झालेला नाही. शर्यती अजून होतात आणि माझी पत्रकंही अजून निघतात. पण आता मी आधी माळावर जाऊन येते.

सिस्टर गेल्या त्याला वर्ष होईल. भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. शेवटच्या तक्त्यात त्या दिवशीच्या सकाळच्या सगळ्या खुणा केलेल्या होत्या. शांता आमच्याकडे आली, निळ्या स्वेटरसकट. सोपान कुणी नेला, हे सांगितलं तर नवीन माणसाला पटत नाही.

परवा मी त्याला भेटायला गेले. दार उघडंच होतं. सोपान उंबऱ्याच्या आत, उन्हात, डोळे अर्धे उघडे. तोंड पांढरं झालंय आता. मी वाकणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"थांब! डोळ्यांवर जाऊ नको. झोपलाय. हाक मार."

मी मागे सरले. हाक मारली. कान हलला, मान वर आली, शेपटी एकदा जमिनीवर आपटली. साहेब गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, मनगटावरचा तो जुना व्रण बाहीखालून दिसला. त्यांनी सोपानचा ओठ वर केला, हिरडीवर अंगठा दाबला आणि उचलला.

"एक," ते म्हणाले. मीही मोजत होते. "दोन."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुलाबी हाय."