डाव्या पानावरचा शब्द

माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही असायची. तिच्यात माणसांना लावायचे इंग्रजी शब्द होते. आमचं रेंज ऑफिस गडचिरोलीच्या जंगलात, पण वरचे साहेब परप्रांतातले. म्हणून वनरक्षकांचे सीआर, म्हणजे वर्षाचे गोपनीय अहवाल, इंग्रजीत जायचे. रेंजर साहेब तोंडी सांगायचे, "हा बरा आहे, याले चांगलं टाक," आणि शब्द मी शोधायचो. वही आधीच्या बाबूने सुरू केलेली. उजव्या पानावर बढती देणारे शब्द, डाव्यावर अडवणारे. हुकमतीच्या माणसाला उजवीकडे कमांडिंग, असर्टिव्ह, ऑथॉरिटेटिव्ह. डावीकडे बॉसी, ओव्हरबेअरिंग, डोमिनियरिंग. माणूस बहुतेक वेळा तोच असायचा. कोणतं पान उघडायचं, ते मी ठरवायचो. हे मी घरीही कधी बोललो नाही.

एका बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, एक बाई वनरक्षक होत्या. त्यांनी एकदा सागवान भरलेला ट्रॅक्टर अडवला. काठी आडवी धरली आणि म्हणाल्या, "उतर खाली, मंग बोल." ट्रॅक्टर माझ्या साळ्याचा. त्याने माझं नाव सांगून पाहिलं. बाईंनी पंचनामा केला, पण माझं नाव त्यात आणलं नाही.

त्या न लिहिण्याचाच मला संशय आला. नाव राखून ठेवलंय, वेळ आली की काढतील. त्या ऑफिसात आल्या की साहेबांच्या खोलीत किती वेळ बसल्या, ते मी घड्याळात बघायचो. "भाऊ, चहा झाला का?" एवढं विचारलं तरी वाटायचं, ही काहीतरी काढून घेऊन राह्यली.

त्या वर्षी सीआरच्या वेळी साहेब म्हणाले, "बाई कडक आहे. गावातले लोकं ऐकतेत तिचं. तसं टाक."

हे कौतुक होतं, मला कळत होतं. शेजारच्या बीटवरच्या वनरक्षकाला, तोही तसाच कडक, मी त्याच सकाळी 'कमांडिंग' दिलं होतं. बाईंसाठी मी डावं पान उघडलं. डोमिनियरिंग. म्हणजे दुसऱ्याला दाबून, हुकूम गाजवून वागणारी. साहेबांनी गठ्ठ्याबरोबर सही केली.

वनपालाच्या बढतीत बाईंचा नंबर जवळ आला होता. वरून पत्र आलं: प्रतिकूल शेरा, म्हणणं असेल तर मुदतीत कळवा. सगळं इंग्रजीत. त्या पत्र घेऊन माझ्याकडेच आल्या.

"भाऊ, या शब्दाचा अर्थ काय होते?"

"कडक शिस्तीची, असं आहे."

"मंग पत्र काऊन पाठवलं?"

"कळवाच लागते बाई. घरी फायलीत लावून ठेवा."

"कडक म्हनून पत्र आलं. नरम असती तं काय वारंट धाडलं असतं?" त्या हसल्या. मीही हसलो. जाताना दारातून एकदा वळून बघितलं त्यांनी. मुदत टळली. बढती शेजारच्या बीटला गेली, पुढे माझी बदली झाली.

ते वळून बघणं मात्र माझ्याबरोबर आलं. त्यांना कळलं होतं का? गेल्या हिवाळ्यात चामोर्शीच्या बाजारात त्या दिसल्या. अंगावर तोच खाकी गणवेश, खांद्यावर अजून वनरक्षकाचीच पट्टी. वांग्याच्या ढिगापाशी मी सगळं सांगून टाकलं. साळा, वही, डावं पान.

त्या वांगी निवडत राहिल्या. "त्याच दिवशी समजलं होतं मले. बीटवर टावर नाई, इथी बजारात येऊन फोनात टाकला तो शब्द."

"मंग वर काऊन नाई लिहिलं?"

"लिहिलं असतं तं कागद कोनाच्या टेबलावरून गेला असता भाऊ?"

मी म्हणालो, "पोचवला असता मी." म्हणून झाल्यावर माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

आता काय होईल माहीत नाही. मुदत कधीच गेली. तरी पुढच्या बाजाराला मी वरच्या साहेबांच्या नावाने अर्ज लिहून नेला, इंग्रजीत. तो शब्द कोणी टाकला, का टाकला, खोटा अर्थ कोणी सांगितला, खाली माझी सही. त्यांच्यासाठी मी उजव्या पानावरचा शब्द वापरला होता.

त्यांनी कागद हातात घेतला, पण आभार मानले नाहीत. चहाच्या टपरीच्या बाकावर तो पसरला, मोबाइल काढला आणि पहिल्या ओळीपासून एकेक शब्द त्यात टाकून बघू लागल्या.

"बसा भाऊ," मान वर न करता म्हणाल्या, "टाइम लागन."

मी बसलो.