उभ्याने वाचायची पत्रं

चूक दाखवणारं पत्र आलं की सर उभे राहायचे.

म्हणजे अगदी खरोखर उभे. खुर्ची मागे ढकलायचे, टेबलावर दोन्ही हात टेकून सत्तरी ओलांडलेले गुडघे एकेक करून सरळ करायचे, नेसलेल्या वेष्टीच्या, म्हणजे लुंगीसारख्या धोतराच्या, टोकाने चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "हं, आतां वाच." पत्र चार ओळींचं असो की चार पानांचं, संपेपर्यंत ते बसत नसत.

पहिल्यांदा मला वाटलं, पाय आखडले असतील. दुसऱ्यांदा विचारलंच.

"चूक दाखविणारा तो आपला वाध्यार," ते म्हणाले. "वाध्यारापुढें बसून ऐकावें काय?"

वाध्यार म्हणजे मास्तर. आणि हे सांगणारा माणूस स्वतः जन्मभर प्राणिशास्त्राचा मास्तर! अर्ध्या कुंभकोणमला त्याने झुरळाचं विच्छेदन शिकवलेलं. रस्त्याने चालताना टक्कल पडलेले गृहस्थ स्कूटर थांबवून त्यांना नमस्कार करत.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही या गावात आलो तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. तिसऱ्याच दिवशी समोरच्या घरातून मराठी ऐकू आलं आणि मी हातातली कढई तशीच ठेवून गॅलरीत धावले. "अहो, न्हाणाचें पाणी निवून गेलें! किडा बघत किती वेळ उभे राहाणार?" त्या मामी. आणि अंगणात जास्वंदीपाशी भिंग घेऊन वाकलेले ते सर. मराठी राजांबरोबर तंजावरकडे आलेल्या घराण्यांपैकी हे एक. घराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, तेही आपल्या खापरपणज्यांनी बोललं असेल तसं. "मी शिकविलों, मी सांगिटलों" असं सर म्हणत आणि मी तोंडाला पदर लावून हसे. त्यांना ते दिसे. "हास, हास," म्हणत. "तुझी मराठी ऐकून मामीही स्वैपाकघरांत हासते."

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शाळेतल्या मुलांसाठी किड्यांची वेबसाइट काढून दिली होती. मजकूर सगळा सरांचा, तमिळमध्ये आणि इंग्रजीत, शिवाय शाळांनी छापून वर्गात लावायचे फोटोंचे तक्ते. ती सांभाळणारं मात्र कोणी नव्हतं. मला ते काम येत होतं, आणि दुपारी घर खायला उठत होतं. मग काय, रोज अकरा वाजता मी समोरच्या ओसरीवर हजर.

पहिलं भांडण 'आमच्या चुका' या पानावरून झालं. सरांना ते मुखपृष्ठाच्या अगदी वर हवं होतं. मी म्हटलं, "सर, अशी पानं खाली ठेवतात, बारीक अक्षरात. आल्या आल्या चुका दाखवल्या तर लोक बाकीचं वाचतील कशाला?"

"हाटेलांत हात धुवायाची जागा पुढें असते कीं मागें?" त्यांनी विचारलं.

इथल्या खाणावळींत ती पुढेच असते. पान वर गेलं.

त्यावर प्रत्येक चुकीची नोंद असे: आधी काय लिहिलं होतं, खरं काय, आणि चूक दाखवणाऱ्याचं नाव, गावासकट. चूक करणाऱ्याचं नाव नसे. तिथे नुसतं 'आम्ही'. एकदा मी घाईघाईत एक चित्र चढवलं, त्यात मुंगीचे सहाही पाय पोटाला चिकटवलेले. चौथीतल्या मुलाने कळवलं. सर उभे राहिले, ऐकलं, आणि नोंद सांगितली: "आम्हीं मुंगीचे पाय पोटाला लाविले होते. ते छातीला असतात. मुंगीची क्षमा मागतों." मी म्हटलं, चित्र माझं होतं. ते म्हणाले, "परवायिल्लै, मुंगी ओळखत नाहीं तुला." परवायिल्लै म्हणजे असू दे. दिवसातून वीसदा तरी म्हणत.

आमचं बरोबर असलं तरी ते उभे राहत. एका गृहस्थांनी खडसावून लिहिलं की तुम्ही कोळ्याला कीटकांतून वगळलंत, हा अडाणीपणा आहे. आता कोळ्याला आठ पाय, तो कीटक नव्हेच. मी चांगलं झणझणीत उत्तर लिहून तयार ठेवलं होतं. सरांनी ते पुसायला लावलं. "त्यांना शंका आली म्हणजे आमचें लिहिणें कमी पडलें," म्हणाले, आणि कोळ्यावर एक नवीन परिच्छेद लिहायला घेतला. मला राग येई अशा वेळी. इतकं चांगलं असू नये माणसाने, आजूबाजूच्यांना त्रास होतो.

मग ते पत्र आलं.

तिरुनागेश्वरम्‌च्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेतून. सातवीतल्या मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो होता, तमिळमध्ये. तमिळ पत्रं सर स्वतः वाचत आणि मला मराठीत सांगत. उभे राहिले, वाचलं. पुन्हा वाचलं.

"ही लिहिते," शेवटी म्हणाले, "तुमचा तक्ता आम्हीं वर्गांत लाविला. त्यांत आहे तसा पांढरा लोकरीचा किडा शाळेच्या जास्वंदीवर दिसला कीं दर शुक्रवारीं ब्रशानें खरडून साबणाच्या पाण्यांत टाकितों. मी त्यांतले दोन बाटलींत ठेविले. ते दुसऱ्या पांढऱ्या किड्यांना खातात. एकाचा मग लहान काळा भुंगा झाला, डोकें तांबूस. पिठ्या ढेकूण आपल्याच माणसांना खातो काय?"

पिठ्या ढेकूण म्हणजे झाडांचा रस शोषणारी ती पांढरी कीड. जास्वंद, पेरू, सगळ्यांवर बसते. आणि तिला खाणारा एक इवलासा भुंगा आहे. त्याची अळी हुबेहूब तिच्यासारखीच दिसते, तशीच पांढरी, लोकरी. आमच्या तक्त्यावर 'शत्रू' म्हणून छापलेला फोटो त्या अळीचा होता. पोरांनी सबंध सत्रभर शोधून शोधून मारले ते राखणदार.

फोटो सरांनी काढलेला. त्यांच्याच अंगणातल्या जास्वंदीवर.

मामी कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. "मी तेव्हांच सांगिटलें न्हवें? हा पळतो म्हणून? पिठ्या कधीं पळतो काय?" आणि माझ्याकडे वळून, "तर मला म्हणाले, तूं फुलें तोड."

एरवी सर हसले असते.

मी म्हटलं, "सर, दोन मिनिटांचं काम आहे. फोटो बदलते. त्या मुलीला छानसं उत्तर पाठवू."

"आणि मारिले ते?"

त्यात आणखी एक पेच होता. त्याच शाळेने पुढच्या आठवड्यात विज्ञान प्रदर्शनाला सरांना बोलावलं होतं, आमच्या तक्त्यांबद्दल शाल घालून सत्कार करायला. गावातले पालक येणार, त्यांत सरांचे जुने विद्यार्थी कितीतरी. मी गयावया केली की पत्राने कळवा, सत्कार होऊ द्या, चारचौघांत कशाला? दोन दिवस त्यांनी नीट जेवणही केलं नाही, असं मामींनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी टाईप करत असताना अचानक म्हणाले, "अम्मा, भय वाटतें." इकडे लेकीच्या वयाच्या बाईलाही अम्माच म्हणतात. "घरांतल्या जास्वंदीवरचें मला दिसलें नाहीं. इतकीं वर्षें शिकविलों, त्यांत आणखी काय काय चुकलें असेल? तीं मुलें आतां आजे झालीं. त्यांना कोठें कळवूं?"

मी कॉफी गार झाली एवढंच म्हटलं.

शाळेत आम्ही बसने गेलो. मंडपात पालक दाटीवाटीने बसले होते. मुख्याध्यापिका बाई ताटात शाल घेऊन पुढे आल्या, तर सरांनी हात जोडून त्यांना थांबवलं आणि ते माइकपाशी गेले. भाषण तमिळमध्ये. मला तेव्हा फारसं कळत नव्हतं, पण 'तप्पु' म्हणजे चूक हे ठाऊक होतं, आणि सर तो शब्द 'माझी' लावून पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग त्यांनी त्या मुलीला वर बोलावलं. दोन वेण्या, हातात वही, घाबरून अर्धी झालेली. तिला त्यांनी आपल्या, म्हणजे प्रमुख पाहुण्याच्या, खुर्चीवर बसवलं आणि समोर हात बांधून उभे राहिले. वाच म्हणाले.

ती वाचू लागली. मागे कोणीतरी हसलं. पण सर उभे असताना आपण कसं बसायचं, म्हणून मुख्याध्यापिका बाई उठल्या. त्या उठल्या म्हणून बाकीचे शिक्षक उठले. मग समोरच्या रांगेतले ते टक्कल पडलेले जुने विद्यार्थी. पाहता पाहता सगळा मंडप उभा, आणि बसलेली एकटी ती सातवीतली पोर, बाटलीतल्या किड्यांचं वाचत असलेली. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही उठला असतात. मी उठले होते.

शाल ताटातच राहिली. परतीच्या बसमध्ये मी फुगून बसले होते. "घ्यायची तरी होती," मी म्हटलं.

"उन्हाळ्यांत शाल कशाला?" सर म्हणाले. मामींनी डब्यात दिलेला आंबट भात त्यांनी बसमध्येच संपवला, माझ्या वाटणीचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी नोंद केली. चूक दाखवणाऱ्या दोघी: पहिलं नाव मामींचं, दुसरं त्या मुलीचं. आणि 'आम्ही' लिहिण्याच्या जागी, त्या पानावर पहिल्यांदाच, चूक करणाऱ्याचं पूर्ण नाव, शिक्षणासकट. मामींनी ती नोंद माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि "अक्षर मोठें करतां येईल काय?" असं विचारलं.

त्यानंतर सरांनी आपल्या प्रत्येक फोटोची पुन्हा तपासणी सुरू केली. आठवड्याला पाच फोटो. मला तमिळ शिकवणंही याच काळातलं, म्हणजे मीसुद्धा तपासावं. काम संपायच्या आत ते गेले. गेल्या वर्षी, चार दिवसांच्या तापाने. राहिलेले फोटो मी आणि मामी तपासतो. पळतो की नाही ते मामी सांगतात.

सरांच्या आठवणीचं एक पान मी वेबसाइटवर लिहिलं. तमिळमध्ये, स्वतः. डोळे पुसत लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं: 'सरांच्या तक्त्यांबद्दल या शाळेने शाल घालून त्यांचा गौरव केला.' मला ते खरंच तसं हवं होतं. एक शाल तरी त्यांच्या खांद्यावर पडावी, एवढंच.

गेल्या महिन्यात पत्र आलं. ती मुलगी आता कॉलेजात आहे, प्राणिशास्त्रच शिकते. तिने लिहिलं होतं: 'सरांनी शाल घेतली नव्हती. ते आमच्याकडे चूक सांगायला आले होते. मी त्यांच्या खुर्चीवर बसले होते म्हणून मला नक्की आठवतं. कृपया दुरुस्त करावं.'

पहिल्या ओळीलाच मी खुर्ची मागे ढकलली होती. बाकीचं पत्र उभ्याने वाचलं. मग 'आमच्या चुका' हे पान उघडलं, चूक दाखवणारी म्हणून तिचं नाव लिहिलं, गावासकट. चूक करणाऱ्याच्या जागी हात सवयीने 'आम्ही' लिहायला गेला. तो पुसून मी माझं पूर्ण नाव लिहिलं.

"झालें काय?" मामींनी आतून विचारलं. "मग आतां बस कीं."